स्वर्गाचे उपविधी

मराठी माणसाला आवडता परदेश विचारला की तो क्षणभर विचारात पडल्यासारखं करतो आणि मग स्वित्झर्लंड म्हणतो. ज्याने तो पाहिलाय तो म्हणतोच, ज्याने पाहिलेला नाही तो जरा जास्त ठामपणे म्हणतो. बाकीचे देश या स्पर्धेत टिकत नाहीत. अमेरिका हा देश नसून मुलाचं घर आहे, त्यामुळे तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. दुबई ही खरेदी असते. थायलंडबद्दलचं उत्तर प्रश्न विचारताना शेजारी कोण बसलंय यावर ठरतं. सिंगापूर स्वच्छ आहे हे सांगून झालं की पुढे बोलायला काही उरत नाही. स्वित्झर्लंड मात्र आपल्याकडे पासपोर्टच्या आधी भिंतीवर आला. केशकर्तनालयात, दवाखान्यात, पतपेढीच्या कॅलेंडरवर. निळं तळं, हिरवं कुरण, मागे बर्फाचा डोंगर आणि खाली चेअरमनसाहेबांचा फोटो.

निसर्गसौंदर्य मोजण्याचं आपलं एककही तेच. हिमाचलातलं खज्जियार हे 'मिनी स्वित्झर्लंड'. काश्मीर हे भारताचं स्वित्झर्लंड. साताऱ्यातलं तापोळा हे 'मिनी काश्मीर'. म्हणजे हिशेबाने तापोळा हे भारताच्या स्वित्झर्लंडचं लहान माप झालं, आणि कोयनेच्या पाण्याला याचा पत्ताही नाही.

या वेडाचं बरंचसं श्रेय हिंदी सिनेमाला द्यावं लागतं. राज कपूरने 'संगम'साठी १९६४ च्या सुमारास युरोप दाखवला, पण स्वित्झर्लंड घराघरांत नेऊन ठेवला यश चोप्रांनी. उणे तापमानात नायक स्वेटर, जाकीट आणि मफलर घालून उभा, नायिका शिफॉनच्या साडीत, आणि मागे एक गाय या दोघांकडे ढुंकूनही न पाहता चरतेय, हे दृश्य इतक्या वेळा पाहिलंय की त्या गायीही आपल्याला ओळखीच्या वाटतात. १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चालला आणि त्यातलं ग्श्टाडजवळचं झानेन नावाचं छोटं गाव लोकांच्या यात्रेत सामील झालं. इंटरलाकेन गावाने २०१६ मध्ये यश चोप्रांचा चक्क पुतळा बसवला. परक्या देशात पुतळा व्हायचा तर माणसाने लढाई जिंकावी लागते किंवा धर्म स्थापावा लागतो. चोप्रांनी गाणी चित्रित केली. मला तरी हे तिन्हींमध्ये सर्वांत कमी नुकसानकारक वाटतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. 'ग्रुप टूरने स्वित्झर्लंड' ही आपण काढलेली टूम नाही. थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने १८६३ च्या उन्हाळ्यात पहिला जथा तिकडे नेला. त्याही मंडळींना भल्या पहाटे उठवलं जाई आणि पुढच्या ठिकाणी पिटाळलं जाई. आपल्या लोकांनी त्यात भर घातली ती बरोबर नेलेल्या महाराजांची आणि भाकरवडीच्या पाकिटांची.

दौऱ्याचा कळस म्हणजे युंगफ्राउयोख. उंची ३४५४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी दीडशेहून जास्त मीटर कमीच पडतील. तिथे रेल्वे जाते. आडोल्फ गुयर-झेलर या झुरिकच्या उद्योगपतीने आयगर पर्वताच्या पोटातून रूळ न्यायचे ठरवले, १८९६ मध्ये काम सुरू केलं आणि १८९९ मध्ये तो वारला. लोकांनी काम पुढे रेटलं आणि १ ऑगस्ट १९१२ ला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनाला, गाडी वर पोचली. दगड फोडायला सोळा वर्षं लागली. आपली मंडळी वर पोचल्यावर सोळाव्या मिनिटाला तिथल्या बॉलिवूड नावाच्या भारतीय उपाहारगृहाची चौकशी करतात. हवा विरळ असते, धाप लागते, पण 'एवढ्या पैशात आपल्याकडे अख्खी चारधाम झाली असती' हे वाक्य एका दमात म्हणण्याइतका प्राणवायू शिल्लक असतो.

पैशाचा विषय टाळता येत नाही. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून आपला पर्यटक तिथे डोंगरापेक्षा किमतीच्या पाट्या जास्त निरखून पाहतो. खाली उतरल्यावर तर अर्थशास्त्राचा एक चमत्कारच दिसतो. एकट्या झुरिक शहरात बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी बहुतेक ठिकाणी खुशाल प्यावं, अगदी फुकट. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात मात्र फ्रँक-दीड फ्रँक मोजल्याशिवाय दार उघडत नाही. या देशात पाणी पिणं फुकट आहे, महाग आहे ते पुढचं.

पण हे सगळं पाहणाऱ्यांचं स्वित्झर्लंड. ते बसच्या खिडकीतून दिसतं, आणि बसच्या खिडकीतून कुठलाही देश चांगलाच दिसतो. राहणाऱ्यांचं स्वित्झर्लंड मला कळलं ते भाच्याकडून. तो झुरिकजवळच्या एका गावात संगणकाची नोकरी करतो. गेल्या गेल्या त्याचा फोन आला. मला वाटलं, बर्फाबद्दल सांगेल.

"मामा, इथे कपडे धुवायला तारीख मिळते."

इमारतीच्या तळघरात सगळ्यांचं मिळून एक धुलाईघर असतं. भिंतीवर तक्ता. तुमचा वार ठरलेला, तास ठरलेले. काही जुन्या इमारतींत ही पाळी दोन-दोन आठवड्यांनी येते. यंत्र वापरून झालं की जाळीतला धाग्यांचा गोळा काढायचा, रबराची कड पुसायची, फरशी कोरडी करायची आणि किल्ली पुढच्या माणसाच्या हवाली करायची. या किल्लीपायी त्या शांतिप्रिय देशात जेवढी भांडणं होतात तेवढी बँकांवरूनही होत नसावीत. ह्यूगो लोएचर नावाच्या नामवंत स्विस लेखकाने धुलाईघराच्या किल्लीवर लेख लिहिला, आणि १९८३ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच ती किल्ली आहे. दुसऱ्या देशांतले लेखक राष्ट्राचा आत्मा शोधायला इतिहासात जातात. लोएचर तळघरात गेला आणि त्याला तो लगेच सापडला.

भाच्याचे फोन येत गेले तसतसं माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होत गेलं. हा देश नाही. ही एक अतिशय मोठी, अतिशय देखणी सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. आकारही जमतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख होती आणि सबंध स्वित्झर्लंडची आज ९० लाखांच्या आसपास आहे. विंग सव्वीस, त्यांना ते कँटन म्हणतात. प्रत्येक विंगचे नियम वेगळे, कर वेगळे, शाळेच्या सुट्ट्या वेगळ्या. सभासद चार भाषांत बोलतात आणि नाण्यांवर कुणाच्या भाषेत नाव घालायचं यावर वाद नको म्हणून तिथे लॅटिन घातलंय, जी कुणाचीच नाही.

शांततेचं कलम सर्वांत कडक. रात्री दहानंतर आवाज नाही. दुपारी बारा ते एक बऱ्याच ठिकाणी आवाज नाही. पुण्याने दुपारी एक ते चार विश्रांतीचा हक्क बजावला म्हणून त्याची चेष्टा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रविवारी तर गवत कापायचं नाही, भिंतीत भोक पाडायचं नाही, बहुतेक इमारतींत कपडे धुवायचे नाहीत आणि रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या फुटताना आवाज होतो. रविवारी सकाळी इडलीचं पीठ वाटणं हे तिथे शेजाऱ्याशी संबंध तोडण्याइतकं गंभीर पाऊल आहे. भाचेसून शनिवारी संध्याकाळीच मिक्सर उरकून घेते, तोही खाली घडी घातलेला टॉवेल ठेवून.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. सुरुवातीला कुकरच्या शिट्ट्यांबद्दल त्यांची एक अत्यंत सभ्य चिठ्ठी आली. भाच्याने जाऊन कुकर दाखवला, डाळ-तांदूळ समजावून सांगितले, वाटीभर वरणही दिलं. त्यानंतर तक्रार बंद झाली. पुढे एकदा दुपारी बेल वाजली, दारात आजी. चेहऱ्यावर काळजी. म्हणाल्या, "आज दोनच झाल्या. तिसरी झाली नाही. सगळं ठीक आहे ना?"

आपल्या पाट्या आणि त्यांच्या पाट्या यांत फरक आहे. पुणेरी पाटीत लिहिणाऱ्याला झालेला आनंद लपत नाही. स्विस पाटीत आनंद नसतो, फक्त कलम असतं. ती वाचून राग येत नाही, खाली सही करावीशी वाटते.

कचरा हे तिथलं उच्चशिक्षण. बहुतेक गावांत कचऱ्याची पिशवी सरकारमान्य हवी, आणि तिच्या किमतीतच कर येतो. पस्तीस लिटरच्या एका पिशवीला साधारण दोन फ्रँक पडतात. म्हणजे केळं विकत घ्यायला पैसे आणि सालीलाही पैसे. साध्या पिशवीतून चोरून कचरा टाकलात तर पालिकेची माणसं तो उघडून त्यात तुमच्या नावाचं पाकीट शोधतात आणि दंडाची नोटीस घरी धाडतात. काच रंगाप्रमाणे टाकायची, पांढरी, हिरवी, तपकिरी. आणि रद्दी! आपल्याकडे रद्दी हे गृहिणीचं खासगी उत्पन्न आहे, रद्दीवाल्याच्या तराजूवर करडी नजर ठेवून मिळवलेलं. तिथे रद्दी आपण व्यवस्थित रचायची, सुतळीने आडवी-उभी बांधायची, ठरल्या दिवशी ठरल्या जागी ठेवायची आणि मोबदल्यात काहीही मागायचं नाही. भाच्याने पहिल्यांदा ठेवलेला गठ्ठा गाडी निघून गेल्यावर तिथेच होता. त्यात पुठ्ठा निघाला होता. पुठ्ठ्याचा वार वेगळा.

या सोसायटीचं लक्ष पाळीव प्राण्यांवरही आहे. २००८ च्या प्राणी संरक्षण नियमांनुसार गिनी पिग एकटा पाळता येत नाही, कारण तो कळपात राहणारा जीव आहे, त्याला एकटेपणा सोसत नाही. भाडेकरूला सोसतो, असं गृहीत आहे. सगळ्यांच्या पायाखाली तळघरं आहेत, अणुयुद्ध झालंच तर लपायला. देशभरात साडेतीन लाखांहून जास्त, आणि त्यांत मिळून जागा लोकसंख्येपेक्षा जास्त. १९६३ च्या कायद्यापासून हे बांधकाम चालत आलंय. अजून अणुयुद्ध झालेलं नसल्याने लोक तिथे वाइन, बर्फावर घसरायच्या पट्ट्या आणि सासूने दिलेलं जुनं कपाट ठेवतात. जगबुडी झाली तर या देशातले लोक वाचतील, पण आधी त्यांना सामान हलवावं लागेल.

आता व्यवस्थापन समिती. १८४८ पासून देश चालवायला सात जण. त्यांतला एक दर वर्षी आळीपाळीने राष्ट्राध्यक्ष होतो, आपलं खातं सांभाळून. वर्ष संपलं की खुर्ची पुढच्याला. त्यामुळे सध्या अध्यक्ष कोण, हे तिथल्या माणसाला विचारलं तर तो छताकडे बघतो. २०१४ मध्ये त्या वेळचे अध्यक्ष दिदिए बुर्काल्टर न्यूशातेलच्या फलाटावर एकटेच मोबाइल बघत गाडीची वाट पाहतायत, असा फोटो जगभर फिरला. आपल्याकडे नगरसेवकाच्या चुलतभावाचीही एवढी अवहेलना होत नाही.

समितीला अधिकार फारसे नाहीतच, कारण सर्वसाधारण सभा सारखी भरलेली असते. वर्षातून तीन-चार वेळा घरी लिफाफा येतो आणि मतं मागवली जातात. अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमवल्या की कुणीही राज्यघटनेत बदल सुचवू शकतो. २०१२ मध्ये प्रश्न आला: सर्वांना वर्षाला किमान सहा आठवडे पगारी रजा द्यावी का? दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं, नको. मी हे आमच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ती बातमी खोटी आहे असं शपथेवर सांगितलं. त्यांनी उभ्या हयातीत शिल्लक रजेचे पैसे सोडले नव्हते. पण त्या लोकांचा हिशेब साधा होता. रजा वाढली तर खर्च वाढेल, खर्च वाढला तर छोटा कारखानदार माणसं कमी करेल, आणि कमी झालेल्यांत कदाचित आपण असू. सोसायटीच्या सभेत मेंटेनन्स वाढवायचा ठराव येतो तेव्हा हाच चेहरा आपलाही होतो. फरक एवढाच की फुकट रंगकामाचा ठराव आपण नाकारला नसता.

२०१८ मध्ये गायीच्या शिंगांवर मतदान झालं. गोठ्यात दुखापत होऊ नये म्हणून बरेच गोपालक वासरांची शिंगं लहानपणीच जाळून टाकतात. जो शिंगं राखेल त्याला सरकारने अनुदान द्यावं, अशी एका शेतकऱ्याची मागणी. देशभर चर्चा झाली, तज्ज्ञ बोलले, पोस्टरं लागली. ठराव पडला, पण पंचेचाळीस टक्के मतं शिंगांच्या बाजूने पडली. खुद्द गायींचं मत घेतलं गेलं नाही, म्हणून या लोकशाहीला परिपूर्ण म्हणवत नाही.

आणि म्हणवत नाही याचं दुसरं कारण जरा कमी गमतीचं आहे. १९५९ मध्ये बायकांना मत द्यावं का असं पुरुषांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. होकार मिळायला १९७१ उजाडलं. आपेनझेल इनरऱ्होडेन या चिमुकल्या कँटनात तर पुरुषमंडळी आणखी अडून बसली, शेवटी १९९० मध्ये कोर्टाने हुकूम दिला. माझी आजी १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नऊवारी नेसून मत देऊन आली होती. तिला सही करता येत नव्हती. ज्या देशाची घड्याळं सेकंदाचा हिशेब ठेवतात त्या देशाला हे कळायला तिच्यापेक्षा एकोणीस वर्षं जास्त लागली. जिनिव्हात आधी राष्ट्रसंघाचं आणि मग संयुक्त राष्ट्रांचं मोठं कार्यालय, पण स्वतः संयुक्त राष्ट्रांचे सभासद झाले २००२ मध्ये, तेही सार्वमत घेऊन. हॉल भाड्याने द्यायचा, लग्नाला मात्र जायचं की नाही ते नंतर ठरवायचं.

हे सगळं त्यांना का जमतं, याचं उत्तर कॅलेंडरवरच्या डोंगरात नाही. ते डोंगर पाहायला आपण दोनशे फ्रँक मोजतो, पण त्यांच्या पूर्वजांना तिथे पुरेसं धान्यही पिकवता येत नव्हतं. पोरं भाडोत्री सैनिक म्हणून परक्या राजांच्या लढाया लढायला जात. पोपच्या दारात १५०६ पासून उभे असलेले रंगीबेरंगी पहारेकरी ही त्याचीच उरलेली खूण. कुटुंबंच्या कुटुंबं ब्राझीलला जाऊन वसली. ज्याला पडझड परवडत नाही तो वेळच्या वेळी गळती काढतो. मला तरी स्वित्झर्लंडचं सौंदर्य निसर्गाची देणगी वाटत नाही, ते पिढ्यान् पिढ्या एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्यांचं फळ वाटतं.

रेल्वेबद्दल सगळेच बोलतात म्हणून थोडक्यात. तीन मिनिटांच्या पुढे गेली की गाडी लेट धरतात. जर्मनीतून फार उशिरा येणाऱ्या काही गाड्यांना बाझेलच्या पुढे येऊच देत नाहीत, प्रवाशांनी तिथे उतरून शिस्तीच्या गाडीत बसावं. स्टेशनवरच्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा मात्र साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो आणि बारावर क्षणभर थबकतो. उभ्या देशात टंगळमंगळ करायची परवानगी असलेला तो एकटाच कर्मचारी.

तर राहायला आवडेल का? भाच्याने आता नागरिकत्वाचा विचार सुरू केलाय. अटी अशा: दहा वर्षं वास्तव्य, भाषा, कर्ज थकलेलं नको, आणि गावात मिसळलेलं हवं. अर्ज आधी गाव बघतं, मग कँटन, मग देश. पूर्वी ल्युसर्नजवळच्या एमेन गावात तर प्रत्येक अर्जदारावर गावकरी मतपेटीतून मत देत. २००३ मध्ये कोर्टाने ते बंद पाडलं. हे अर्जदार तपासणाऱ्या सरकारी माणसांवर १९७८ मध्ये एक विनोदी सिनेमाही निघाला आणि तो त्या देशात तुफान चालला. मध्यंतरी एका बाईंचा अर्ज त्यांच्या गावाने नाकारला, कारण गायीच्या गळ्यातल्या घंटांमुळे त्रास होतो अशी तक्रार त्या जाहीरपणे करत असत. पुढे कँटनने त्यांना नागरिकत्व दिलं. यावरून भाच्याने बोध घेतलाय. घंटा वाजली की तो आता खिडकी लावत नाही, उघडतो, आणि आजींना दिसेल असा उभा राहतो.

माझ्या ओळखीत त्या देशात राहायला सर्वार्थाने लायक अशी एकच व्यक्ती आहे, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकू. त्या मध्यंतरी ग्रुप टूरने जाऊन आल्या. जाताना भाच्यासाठी गोडा मसाला घेऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना त्याचं घर आणि विशेषतः तळघर बघायला मिळालं. परत आल्यावर त्यांनी आम्हाला फोटो दाखवले. डोंगर जवळपास नव्हतेच. धुलाईघराचा तक्ता होता, रद्दीच्या गठ्ठ्याच्या गाठीचा जवळून काढलेला फोटो होता, पायपुसणं कसं ठेवावं याची एक सूचना होती. "अहो, माणसं बघा तिथली!" त्या म्हणाल्या. एकाही फोटोत माणूस नव्हता.

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी ठराव मांडला: रविवारी सोसायटीत शांतता. नेहमीप्रमाणे कोरम नव्हता, नेहमीप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच सात जणांनी ती पुन्हा भरवली. एकाने आक्षेप घेतला की एवढ्याशा हजेरीत हे बरोबर नाही. काकूंनी त्याला ऐकवलं की स्वित्झर्लंडमध्येही निम्म्याहून कमीच लोक मत द्यायला येतात, आणि सात हा तर त्यांचा राष्ट्रीय आकडा आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. अंमलबजावणीचे तपशील ठरवायला खास सभा बोलावली आहे. इतर दिवशी कुणाला वेळ नसतो म्हणून ती रविवारी सकाळी नऊला आहे, पार्किंगमध्ये, आणि चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जावं म्हणून स्पीकर सांगितलाय.